पुलाच्या फोटोंमधला हात पुसला जाऊ नये म्हणून

प्रति,
मा. प्रकल्प माहिती अधिकारी,
पादचारी पूल प्रकल्प, माहिती कक्ष,
नदीकाठचे कार्यालय.

अर्जदार : बेकरीतील भट्टीवाला, पुलासमोरच्या इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर राहणारा. (आपला कॅमेरा ज्याच्या गॅलरीत बसवला आहे तो.)

विषय : पुलाच्या कामाच्या ज्या मूळ फोटोंमध्ये अर्जदाराच्या पत्नीचा हात आला आहे, ते फोटो पुसले जाण्याआधी अर्जदारास मिळण्याबाबत.

संदर्भ : अर्जदाराचे यापूर्वीचे ईमेल, जे आपल्या यंत्रणेने परस्पर सगळीकडे प्रसिद्ध केले.

महोदय किंवा महोदया,

(आपल्या दारावरच्या पाटीवर फक्त हुद्दा आहे, म्हणून दोन्ही लिहिले आहे. राग नसावा.)

१. हा अर्ज कागदावर, हाताने लिहिला आहे आणि त्यावर प्रकल्प क्रमांक मुद्दाम घातलेला नाही. त्याचे कारण पुढे येईल. अर्जात 'मी' लिहायचे नसते, 'अर्जदार' लिहायचे असते, असे आपल्या खिडकीवरच्या कारकुनाने सांगितले. त्याप्रमाणे लिहीत आहे. अर्जदाराला भट्टीची सवय आहे, लेखणीची नाही. काही उणे-अधिक झाल्यास सांभाळून घ्यावे.

२. पुलाचे काम सुरू झाले तेव्हा दोन्ही काठ एका नजरेत येतील अशी जागा आपल्या लोकांनी शोधली. ती अर्जदाराची गॅलरी निघाली. तंत्रज्ञ आला, कठड्याच्या बाहेरच्या अंगाला त्याने कॅमेरा ठोकला आणि समजावून सांगितले, की हा रोज सकाळी आपोआप एक फोटो काढेल, यंत्रणा त्याच्याखाली आपोआप दोन ओळी लिहील आणि तो आपोआप पाच ठिकाणी जाईल : वेबसाइट, मोबाईलवरचा ग्रुप, ईमेल, समाजमाध्यमावरचे पेज आणि बसथांब्यावरचा स्क्रीन. कोणी काही करायचे नाही. मग जाता जाता म्हणाला, "ताई, एवढं मात्र कराल का? सकाळी काचेवर दव बसतं, धूळ बसते. फडक्याने पुसून घ्या."

अर्जदाराची पत्नी म्हणाली, "एवढंच ना? यांच्या चष्म्याची काच रोज पुसतेच की. त्यात आणखी एक."

म्हणजे पाच ठिकाणी आपोआप जाणारे जे काम होते, त्याची सुरुवात एका फडक्यापासून होत होती. हे आपल्या दप्तरी कुठे नोंदलेले नसणार. म्हणून इथे लिहिले.

३. पत्नी घरी शिवणकाम करीत असे. उजव्या हाताच्या मधल्या बोटात अंगुस्तान (सुई टोचू नये म्हणून घालायची धातूची टोपी) घालून ती सकाळीच कामाला बसे. काच पुसायची आठवण झाली की तशीच उठून गॅलरीत जाई आणि कठड्यावरून वाकून फडके फिरवी. कधी तिला उशीर होई, कधी कॅमेऱ्याला घाई होई. मग फोटोच्या खालच्या कोपऱ्यातून तिचा हात वर आलेला दिसे. मागे नदी, अर्धा पूल, क्रेन, आणि पुढे अंगुस्तान घातलेले बोट. एका फोटोत तर ओठांत टाचण्या धरलेला अर्धा चेहराच आला. त्याखाली यंत्रणेने लिहिले, "खांब उभारणीचे काम प्रगतिपथावर." त्या दिवशी ग्रुपवर फार हसणे झाले. लोकांनी तिचे नाव 'पूलकाकू' ठेवले. "आज पूलकाकूंचा हात दिसला, म्हणजे कामावर देखरेख आहे," असे कोणीतरी लिहायचे. ती लाजायची आणि दुसऱ्या दिवशी जरा लवकर उठायची. तरी हात यायचाच.

४. अर्जदार रात्रपाळीला असे. उजाडताना घरी यावे, दोन घास खावेत आणि झोपावे, असा इतक्या वर्षांचा क्रम. त्यामुळे पत्नी काच पुसताना अर्जदाराने एकदाही पाहिलेली नाही. तो शेजारच्या खोलीत झोपलेला असे. उठल्यावर ती मोबाईल पुढे करून म्हणे, "बघा, आज पूल किती सरकला." अर्जदार बघे न बघे आणि म्हणे, "सरकला, सरकला. जेवायला वाढ."

पूल किती सरकला याची तिला गोडी होती, त्याला कारण होते. तिची धाकटी बहीण, म्हणजे अर्जदाराची मेहुणी, नदीच्या पलीकडच्या काठावर राहते. गॅलरीतून तिच्या घराचे छप्पर दिसते, पण जायचे तर बसने मोठा वळसा पडतो आणि बस बदलावी लागते. पत्नीचे गुडघे दुखत. ती म्हणे, "पूल झाला की मी रोज दुपारी चालत जाईन आणि तुम्ही उठायच्या आत परत येईन. तुम्हाला कळणारही नाही."

५. ती गेल्या हिवाळ्यात वारली. सकाळी छातीत दुखू लागले म्हणून स्वतःच्या पायांनी जिना उतरून दवाखान्यात गेली आणि तिथून परत आली नाही. अर्जदाराने नंतर त्या सकाळचा फोटो पाहिला. फोटो एकदम स्वच्छ आहे. हात नाही. जाण्याआधी काच पुसून झाली होती.

६. त्यानंतर काच पुसायचे काम अर्जदाराकडे आले. तसे कोणी सांगितले नाही, पण फडके खिळ्याला तसेच लटकत होते. त्याला हात लावायचा धीर झाला नाही, म्हणून अर्जदाराने पाळीवरून आल्या आल्या अंगातल्या एप्रनच्या टोकाने काच पुसली. एप्रनला मैदा होता, काचेवर दव होते. दोन्हींचे काय होते ते अर्जदाराला तरी कळायला हवे होते. काचेवर पातळ कणीक बसली. यंत्रणेने फोटो काढला, सगळे पांढरे पाहिले आणि पाचही ठिकाणी लिहिले, "दाट धुक्यामुळे दृश्यमानता कमी. नागरिकांनी काळजी घ्यावी." बाहेर लख्ख ऊन होते. पुलावरच्या मुकादमाने ग्रुपवर लिहिले, "कसलं धुकं? मी इथं घामाघूम झालोय." धुके तीन-चार दिवस टिकले. शेवटी मुकादमच जिने चढून वर आला, काचेवरून बोट फिरवले, वास घेतला आणि अर्जदाराच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. त्या दिवशी अर्जदाराने खिळ्यावरचे फडके काढले.

७. आता मूळ मुद्दा. पूल पूर्ण होत आल्यावर आपल्याकडून सर्वांना संदेश आला, की सर्व फोटो जोडून कामाचा एक छोटा चित्रपट आपोआप तयार होईल. अडथळा असलेले फोटो यंत्रणा आपोआप ओळखून वगळेल. शेवटचा स्वच्छ फोटो मिळाला, की वगळलेले फोटो मूळ साठ्यातून कायमचे पुसले जातील.

अडथळा म्हणजे काय, असे अर्जदाराने तंत्रज्ञाला फोन करून विचारले. त्याने यादी उघडून पाहिली. मग म्हणाला, "काका, अडथळा म्हणजे पक्षी, पाण्याचे थेंब, असलं काहीतरी. आणि हात."

८. कोणी म्हणेल, फोटो तर पाच ठिकाणी गेलेले आहेत, तिथून घ्या. अर्जदारालाही तसेच वाटले. खालच्या मजल्यावरच्या स्टेशनरीवाल्याने मदत केली. तेव्हा कळले, की यंत्रणा प्रत्येक ठिकाणच्या मापाप्रमाणे फोटो आपोआप छाटते. ग्रुपवर चौकोनी जातो, त्यात फक्त बोटांची टोके राहतात. वेबसाइटवर आडवा जातो, त्यात मनगट गेले. ईमेलमध्ये अंगठा आहे, पण नखाएवढा. पेजवर तळहात आहे, पण त्यावरून प्रकल्पाच्या नावाची निळी पट्टी गेली आहे. बसथांब्यावर मनगट आणि बाहीची कड दिसते, बाकी हात जाहिरातीखाली. स्टेशनरीवाल्याने पाचही छापून दिले. अर्जदाराने टेबलावर कात्री-गोंद घेऊन ते जोडून पाहिले. प्रत्येक तुकडा वेगळ्या मापाचा. बोटे लहान मुलाची वाटतात आणि मनगट पैलवानाचे. स्टेशनरीवाला म्हणाला, "काका, नाही जुळत हो. सोडा." अर्जदाराने सोडले नाही, पण जुळतही नाही. अख्खा हात फक्त मूळ फोटोत आहे आणि मूळ फोटो फक्त आपल्या लॉगिनमधून निघतात, असे तंत्रज्ञ सांगतो.

घरात तिचे दुसरे फोटो नाहीत असे नाही. लग्नातला आहे, ओळखपत्रावरचा आहे, मेहुणीच्या घरचा आहे. पण त्यांत ती फोटो काढून घेते आहे. यांत ती काम करते आहे. अर्जदार झोपलेला असताना ती कशी होती, हे फक्त आपल्या साठ्यात आहे.

९. म्हणून अर्जदाराने स्टेशनरीवाल्याकडून पहिला ईमेल पाठवला. विषयात प्रकल्प क्रमांक घालावा, अशी आपलीच सूचना होती, तो घातला. मजकूर असा होता : "माझी पत्नी वारली आहे. पुलाच्या फोटोंमध्ये तिचा हात आहे. ते फोटो कृपया पुसू नयेत."

प्रकल्प क्रमांक असलेला कोणताही ईमेल म्हणजे कामाची ताजी माहिती, असे आपल्या यंत्रणेला शिकवलेले आहे, हे अर्जदाराला ठाऊक नव्हते. थोड्याच वेळात तो ईमेल पाचही ठिकाणी गेला. जिथे जेवढी जागा, तेवढा गेला. ग्रुपवर हिरव्या बरोबरच्या खुणेसह आले, "ताजी माहिती : माझी पत्नी वारली आहे. पुलाच्या…" पुढे 'अधिक वाचा'. त्यावर कोणी न वाचता अंगठा दिला. कोणी लिहिले, "अभिनंदन, काम वेळेत होवो." मग ज्यांनी वाचले त्यांनी त्यांना झापले. अर्जदाराला दुसऱ्या दिवशी बसने जायचे होते. थांब्यावर उभे राहिल्यावर त्याच्या डोक्यावरून, गादीच्या जाहिरातीखालून, त्याचे स्वतःचे दुःख उजवीकडून डावीकडे सरकत होते. शेजारच्या बाई वाचून म्हणाल्या, "अगं बाई, कोणाचं हो हे?" अर्जदार म्हणाला, "असेल कोणाचं तरी." आणि बस सोडून चालत घरी आला.

१०. हे प्रसिद्ध करू नये म्हणून दुसरा ईमेल केला. तोही प्रसिद्ध झाला. तिसऱ्यात लिहिले, की हे सगळीकडून काढून टाका. त्यावर उत्तर आले, "आपली विनंती मान्य. आपणास माहितीच्या यादीतून काढण्यात आले आहे." मजकूर तिथेच राहिला, अर्जदार गेला. आता स्वतःच्या गॅलरीतून निघालेला फोटो त्याला शेजाऱ्याच्या मोबाईलवर पाहावा लागतो.

११. मग अर्जदार स्वतः कार्यालयात आला. कारकून भला माणूस आहे, त्याच्याविषयी तक्रार नाही. तो म्हणाला, "काका, हे माणूस करत नाही, आपोआप होतं." अर्जदाराने विचारले, "मग माणूस कुठे बसतो?" तो म्हणाला, "माणूस वर बसतो." अर्जदार वर गेला. वरच्या मजल्यावर बंद खोल्या होत्या. त्याच्याही वर गेला. तिथे गच्चीचे दार आणि पाण्याची टाकी होती. खाली येऊन सांगितले, तेव्हा कारकून ओशाळला आणि म्हणाला, "कागदावर द्या. कागद यंत्रणेला वाचता येत नाही. तो कोणालातरी वाचावाच लागेल."

त्या आशेवर हा अर्ज आहे.

१२. आता जे लिहायचे आहे ते अर्जदाराच्या विरुद्ध जाणारे आहे, पण लपवून अर्ज करणे बरे नाही.

पूल तयार आहे. आपल्याला तो अपूर्ण दिसत असेल, तर त्याचे कारण अर्जदार आहे. शेवटचा स्वच्छ फोटो मिळाल्याशिवाय फोटो पुसले जाणार नाहीत, हे कळल्यापासून अर्जदार रोज सकाळी गॅलरीत उभा राहतो आणि कॅमेऱ्याची वेळ झाली की काचेसमोर हात धरतो. पाळीवरून आल्यावर झोपत नाही, वेळ चुकेल म्हणून. यंत्रणा लिहिते, "अडथळा. काम प्रगतिपथावर." एवढे दिवस सगळीकडे जे जात आहे, तो अर्जदाराचा तळहात आहे.

याने फक्त फोटो थांबेल असे वाटले होते. पण पूर्ण झाल्याची सूचनाही त्याच फोटोवर अवलंबून आहे, हे मुकादम सांगायला आला तेव्हा कळले. तो दारातच म्हणाला, "काका, सूचना आल्याशिवाय मला कुंपण काढता येत नाही. दोन्हीकडे माणसं ताटकळली आहेत. मला शिव्या घालतात. मी तुमचं नाव घेतलं नाही, पण आता हात काढा हो." तंत्रज्ञही येऊन गेला. कॅमेरा हलवला तर कोन बदलेल आणि सगळा चित्रपट फुकट जाईल, म्हणून तो कॅमेऱ्याला हात लावत नाही, आणि अर्जदाराला बाजूला करण्याचे त्याच्या मनात येत नाही. चहा पिऊन गेला.

१३. काल मेहुणी आली होती. वळसा घालून, दोन बस करून, धापा टाकत जिने चढली. तिच्या बहिणीचा पूल तिच्या डोळ्यांसमोर तयार उभा आणि त्याला कुंपण, ते कोणामुळे हे तिला मुकादमाकडून कळले होते. अर्जदाराला वाटले, भांडेल. ती भांडली नाही. गॅलरीत गेली, खिळ्यावरचे फडके पाहिले, पलीकडे स्वतःच्या छपराकडे पाहिले. मग म्हणाली, "दाजी, तिचा हात काचेसमोर यायचा तो काच पुसताना. तुम्ही झाकायला धरताय."

 

१४. तरी आपणास हात जोडून विनंती, की आपल्या लॉगिनमधून ते फोटो काढावेत. छाटलेले नकोत, पट्टी नको, खालची ओळ नको. किती आहेत ते अर्जदाराला माहीत नाही. एकच निघाला तरी चालेल, पण अख्खा हात असावा. ओठांत टाचण्या धरलेला निघाला तर फार उपकार होतील. हे काम यंत्रणेवर सोपवू नये. तिला अडथळा कोणता आणि काकू कोणती हे कळणार नाही, तिचा दोष नाही. आपण स्वतः बसून, एकेक फोटो उघडून बघावा, एवढे मागणे आहे. बसथांब्यावरचा मजकूर राहिला तरी चालेल. लोकांना तो आता पाठ झाला आहे.

१५. हा अर्ज कारकुनाच्या हातात दिल्यावर मी घरी जाणार आहे. उद्या सकाळी मी काचेसमोर हात धरणार नाही. फडके ओले करून, पिळून, तिच्यासारखी काच पुसणार आहे आणि वेळेआधी बाजूला होणार आहे. मेहुणीला तसे कळवले आहे. ती पलीकडच्या कुंपणापाशी येऊन उभी राहणार आहे.

म्हणजे उद्या आपल्या यंत्रणेला स्वच्छ फोटो मिळेल. सूचना पाचही ठिकाणी जाईल, कुंपण निघेल, लोक चालू लागतील. आणि त्याच वेळी पुसणे सुरू होईल. आजवर ते मी थांबवले. उद्यापासून मधे फक्त आपण आहात.

हा दबाव समजू नये. मला थांबता येत नाही, एवढेच. तिने केले असते तेच करायचे ठरवले आहे आणि ते केले की ती जाते, अशी ही व्यवस्था आहे. यातून वाट काढणे माझ्या अकलेबाहेरचे आहे. कृपा करून हा कागद आजच वाचावा. उद्या वाचला तर फक्त पूल झाला असेल.

हात जोडून,
आपल्या उत्तराची वाट पाहणारा,

(सही)
भट्टीवाला, वरचा मजला

दिनांक : सोमवार, सकाळचा हात धरून झाल्यावर थेट.

सोबत :
१) पाच ठिकाणचे पाच तुकडे, कागदावर चिकटवलेले. (जुळलेले नाहीत.)
२) हात ओळखता यावा म्हणून पत्नीचे अंगुस्तान. मधल्या बोटाचे आहे. कडेला दबलेले आहे, ते फोटोतही दिसेल. काम झाल्यावर परत मिळावे. न्यायला मी स्वतः येईन, मेहुणीकडे जाताना आपले कार्यालय आता वाटेवरच लागेल.